मामाने सजवलेला ठोकळा

बदलापूरजवळ महामार्गाच्या पुलाचं काम चालू होतं. माझा मामा तिथे काँक्रीटच्या टोळीचा मुकादम. मी बातमीदार, राहायला बेलवलीत; त्यामुळे चहाच्या निमित्ताने साइटवर चक्कर व्हायची.

त्या पुलासाठी पाणी न पिणारं काँक्रीट वापरून पाहायचं चाललं होतं. पाणी आत झिरपलं नाही की सळ्या गंजत नाहीत आणि पूल जास्त वर्षं टिकतो. त्यासाठी माल कालवतानाच त्यात एक औषध टाकायचं. मामाच्या टोळीने नमुन्याचा ठोकळा ओतला. तो पास झाला तर पुलाचा स्लॅब याच टोळीला. नाही तर नेहमीचं काँक्रीट आणि दुसरी टोळी.

चाचणीच्या दिवशी इंजिनिअर मॅडमनी ठोकळ्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. अळवाच्या पानावर राहतात तसे थेंब उभे राहायला हवे होते. ठोकळा ते घटाघटा प्यायला.

"काका, हा तर तहानलेला निघाला," मॅडम म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

नमुन्याला हात लावायचा नाही, हे मामाला बजावलेलं होतं. त्याने मॅडमच्या उघड्या पेनाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, मालाचा दोष नाय. काल मीच वरनं सिमेंटचा घोळ फिरवला."

"का पण?"

"साहेबलोक येणार आणि ठोकळा असा भोकाभोकांचा? पाहुणे बघायला येतात तेव्हा पोरीला पावडर लावतोच ना?"

साइटवरची ही जुनी रीत. काम दाखवायच्या आधी साध्या सिमेंटचा पातळ हात द्यायचा. त्या सिमेंटात औषध नव्हतं, पाणी प्यायलं ते त्यानेच.

"मी नव्हती लावली," मॅडम म्हणाल्या. "फोडा."

मामाने घण घातला. फुटलेल्या बाजूवर मॅडमनी उरलेलं पाणी ओतलं. थेंब गोल होऊन घरंगळले, त्यातला एक मामाच्या चपलेवर.

"आतून चांगला आहे. पण हा ठोकळा बाद. नवा ओता, महिन्याने बघू. आणि काका, थापी लांब ठेवा."

महिनाभर मामाची थापी माझ्या स्कूटरच्या डिकीत होती. त्यानेच आणून दिली. म्हणाला, समोर दिसली की हात गप बसत नाय.

नवा ठोकळा भोकांसकट पास झाला. स्लॅब ओतायच्या दिवशी सकाळी सहाला मामा माझ्या दारात उभा.

"भाच्या, चहा राहू दे. थापी काढ."