बिशपांचा सत्कार आणि वन्संचे हात

सकाळी आमच्या घरात आवाज असतो तो भांड्यांचा आणि वन्संच्या तोंडाचा. हे जन्मापासून बहिरे, त्यामुळे आमचं नवरा-बायकोचं भांडण शेजाऱ्यांना आजवर ऐकू गेलेलं नाही. त्या दिवशी हे दाढी करत होते, दूध वर येत होतं, आणि वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, कामावर निघता निघता मला चहावरून बोल लावत होत्या. तेवढ्यात दार वाजलं. यांनी गालावरचा हातही थांबवला नाही. मी गॅस बंद करून गेले.

दारात सत्कार समितीचे अध्यक्ष होते, हातात निमंत्रणांचा गठ्ठा. आमच्या बिशपांना त्या पदावर येऊन पंचवीस वर्षं होत होती. त्याचा मोठा सोहळा ठरला होता.

"ताई, तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची!" अध्यक्ष बसता बसता वन्संना म्हणाले. "आणि तुमच्या सगळ्या मूकबधिर मंडळींनाही. या वेळी बिशपांच्या शेजारी उभं राहायचा त्रास नाही."

"मग खुणांनी सांगायला हात कोण करणार?" वन्संनी बॅग खाली ठेवली.

"त्याचं काय आहे, चित्रण करणाऱ्याचं म्हणणं पडलं की बिशपांच्या बाजूला सारखे हात हलतात, ते बरं दिसत नाही. आणि भाषणं थोडीच आहेत. मुख्य म्हणजे सभागृहात अंधार करून त्यांच्या जीवनकार्यावर फिल्म दाखवायचीय. चित्रंच तर बघायचीत. डोळे आहेत की त्यांना."

"तुम्हाला कान आहेत," वन्सं म्हणाल्या. "काही उपयोग झाला?"

मी पाण्याचा पेला पुढे केला. अध्यक्षांनी तो नुसता हातात धरला.

वन्सं कपड्यांच्या कारखान्यात शिवण तपासतात. वाकडी शिवण आणि वाकडा माणूस, दोन्ही त्यांना लांबून दिसतात. सरळ माणसात काय आहे ते दिसायला मात्र वेळ लागतो. लहानपणी शाळेत यांनी हातांनी बोललं की पट्टी बसायची. घरी आल्यावर त्याच सुजलेल्या हातांशी वन्सं बोलत बसायच्या. आई-बाप भांडले तरी भावाला दोन्ही बाजू सांगायच्या, शिव्यांसकट. त्यांचा एक नियम तेव्हापासूनचा: ज्याचं बोलणं, त्याच्याच तोंडचं सांगायचं. डॉक्टर "मी" म्हणाला की वन्संच्याही हातात "मी" येतं. लग्नाची स्थळं आली तेव्हा "हातांनी बोलायला शिकाल का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. बाकीच्यांसाठी तोच शेवटचाही ठरला; मी हो म्हटलं.

बिशप तेव्हा साधे पाद्री होते, तरुण आणि तापट. एका रविवारी प्रवचन थांबवून, वन्सं यांना खुणा करत होत्या त्या बाकाकडे त्यांनी बोट केलं, "ते हातवारे बंद करा." वन्सं उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही तोंड बंद करा, मी हात बंद करते." सगळं चर्च गार पडलं. पुढच्या रविवारी वेदीशेजारी एक स्टूल ठेवलेलं होतं. त्यावर उभं राहिलं की वन्संचे हात शेवटच्या बाकापर्यंत दिसत.

मग ते आणि वन्सं, दोघं मूकबधिरांच्या कामांसाठी इस्पितळात गेली, पोलीस चौकीत गेली, कारखान्यांच्या दारांत तासन् तास बसली. ते बोलायचे, या हात करायच्या, आणि परतताना रस्ताभर दोघं एकमेकांना खायची. बिशप किती भारदस्तपणे थांबून थांबून बोलतात, असं लोक कौतुकानं म्हणतात. ते थांबतात वन्संनी डोळे वटारले की.

"बिशपांना विचारलंत?" वन्सं म्हणाल्या.

"त्यांनीच सांगितलं, समिती ठरवेल तसं."

वन्सं लालबुंद झाल्या. "मग समितीनं आपापसात बसून टाळ्या वाजवाव्यात. आमच्यातलं एक माणूस येणार नाही. निघा!"

हे तोंड पुसत बाहेर आले होते. दोघांचे चेहरे बघून त्यांनी हातांनी विचारलं, काय चाललंय? वन्संनी हात उचललेच नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे मी पहिल्यांदाच बघत होते. यांनी निमंत्रणावरचं बिशपांचं चित्र पाहिलं, बहिणीचा रागावलेला चेहरा पाहिला आणि पुन्हा विचारलं. "काही नाही, नंतर सांगते," एवढीच खूण वन्संनी केली.

यांनी टॉवेल जमिनीवर आपटला आणि हात असे झाडायला लागले की अध्यक्ष खुर्चीत मागे सरकले.

"काय... काय म्हणतायत हे?"

नियम तो नियम. वन्संनी घसा साफ केला आणि सरळ आवाजात सांगितलं, "माझी बहीण गाढव आहे."

"अं?"

"माझी बहीण गाढव आहे. 'नंतर सांगते' असं मला जगानं जन्मभर सांगितलं. आज हिनंही सांगितलं." यांचे हात थांबले नाहीत, म्हणून वन्संही थांबल्या नाहीत. "त्या माणसानं मला कारखान्याच्या दारात उभं राहून काम मिळवून दिलं. माझ्या मुलीला बाप्तिस्म्यासाठी पाण्यात बुडवताना प्रार्थना हातांनी केली, वेडीवाकडी, पण केली. त्याच्याबद्दल लोक काय बोलतात ते मला कळायला हवं. मी जाणार. हिचा राग हिच्यापाशी."

अध्यक्ष हळूच माझ्याकडे वळले. "ताई यांच्यावर चिडल्यात का, की हे ताईंवर?"

"तुमच्यावर दोघंही," मी म्हटलं.

मग वन्संनी भावाला सगळं सांगितलं. अंधार, फिल्म, चित्रण, "डोळे आहेत की", आणि स्वतःचं "एक माणूस येणार नाही" तेसुद्धा. त्या शेवटच्या वाक्यावर यांनी बहिणीकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली. अध्यक्ष उठायच्या बेतात होते.

"बसा," वन्सं म्हणाल्या. "आता जे बोलते ते याचं नाही, माझं आहे. पहिली रांग नको. चित्रणात मला घेऊ नका, बाजूला भिंतीला उभी करा, चालेल. फिल्म चालू असेल तेव्हा माझ्या हातांवर एक दिवा चालू ठेवा."