मावशीची कात्री

पंख्याचं बटण मीच दाबलं. कुठल्याही खोलीत शिरलो की दिसेल ते बटण दाबायचं, ही माझी जुनी खोड. मावशीच्या टेबलावरचे शेहेचाळीस कागदी तुकडे भुर्रकन उडाले.

मावशी इस्पितळाच्या तळघरात तंत्रज्ञ होती. रुग्णाच्या पेशीचा सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचा, त्यातली शेहेचाळीस गुणसूत्रं कात्रीनं कापायची आणि जोड्या लावून पुठ्ठ्यावर चिकटवायची. सव्वीस वर्षं हेच. इतक्या जोड्या लावल्या, पण स्वतःची तेवढी राहून गेली.

तिचा नियम एकच. एक कापायचं, चिकटवायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा.

"रोगाशी लढणारी पेशीही असंच करते," ती सांगायची. "नव्या रोगाला नवं हत्यार लागतं, म्हणून बया स्वतःचीच जनुकं कापते नि वेगळी जुळवते. कापलेली टोकं धरून ठेवायला राखणदार असतात. सांधा बसेपर्यंत ती एकाची दोन होत नाही. नाहीच बसला तर जीव देते, पण घर बिघडवत नाही."

"आणि टोक भलत्यालाच जोडलं गेलं तर?"

"तर पेशी बेफाम वाढत सुटते, नि माझ्याकडे फोटो येतो."

त्या दिवशीचा फोटो दादाचा होता, माझ्या थोरल्या भावाचा. त्याच्या मानेवरची सुपारीएवढी गाठ पंधरा दिवसांत लिंबाएवढी झाली होती. निकाल काय लागतो हे विचारायलाच मी आलो होतो. आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मावशीनं सगळे तुकडे आधी कापून सुटे ठेवले होते.

आम्ही दोघं गुडघ्यांवर रांगलो. पंचेचाळीस सापडले.

"पाय उचल, धांदरटा."

शेहेचाळिसावा माझ्या चपलेखाली होता. तो तिनं पदरानं पुसला.

मग ती एकेक चिकटवत गेली. आठव्या जोडीतलं एक थोटं निघालं. त्याचा शेंडा चौदाव्या जोडीतल्या एकाच्या बुडाला लागलेला. शाळेत विज्ञानात काठावर पास झालेल्या मलाही ते दिसलं.

जन्मभर मी माझ्या चुका दुसऱ्यांच्या गळ्यात बांधत आलो. ही मात्र माझीच निघावी, असं अगदी मनापासून वाटलं.

"मावशी, माझ्या पंख्यानं घोळ झाला असेल गं. दुसरा फोटो काढून बघ ना."

मावशीनं डिंकाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"पंख्यानं तुकडे उडतात रे, जोडले जात नाहीत."