सासऱ्यांच्या बोंड्यासाठी आणलेलं तेल

माझं काम काय ते सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात. वाडीतल्या एका तेल कारखान्याच्या प्रयोगखोलीत मी तळणीसाठी आणि बेकरीसाठी प्रकृतीला जरा बरी अशी तेलं तयार करतो. म्हणजे दिवसभर पुऱ्या तळायच्या, खारी भाजायची, दोन्ही खायचं आणि वर गंभीर चेहरा करायचा. एकदा वनस्पती तुपाला पर्याय म्हणून मी मेण घालून तेल गोठवलं होतं. त्याची नानकटाई खाऊन मालक म्हणाले, "साहेब, हिले वात लावली तर पेटंल."

पण मागच्या वर्षीचं तेल खरंच जमलं होतं. तांदळाच्या कोंड्याचं, करडीचं आणि थोडं तिळाचं. पुन्हा पुन्हा तापवलं तरी ते इतर तेलांपेक्षा उशिरा बिघडायचं. 'उशिरा बिघडतं' एवढंच त्यातलं खरं. ट्रकांच्या गर्दीतून स्कूटर काढत घरी पोचेपर्यंत माझ्या तोंडी त्याचं 'बिघडतच नाही' झालं.

ते वाक्य मनावर घेतलं माझ्या सासऱ्यांनी. कोराडीला वीजघरात सगळी नोकरी काढलेला माणूस. शिफ्ट सुटली की गरम आलूबोंडा आणि त्यावर तिखट रश्श्याची तर्री, हा नेम. उन्हाळ्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंटची जाळी बसवली आणि ते आमच्याकडे राहायला आले. बायकोनं घरातलं तळण बंद केलं. सासरे कुरकुरले नाहीत, फक्त टीव्हीवर कुणी काही तळायला घेतलं की आवाज वाढवायचे.

"जवाईबापू," एकदा ते हळूच म्हणाले, "तुमच्या तेलाचं जल्दी करा. माह्यापाशी किती टाइम हाय, मले मालूम नाही."

ते थट्टेत म्हणाले खरं, पण हसले नाहीत.

बायकोनं अट घातली. महिनाभर हे तेल नुसतं फोडणीला वापरायचं. मग एका रविवारी माझ्या कारखान्यातल्या यंत्रानं तपासायचं आणि तेल पास झालं तरच बाबांना एक बोंडा. मी तेलाचा पत्र्याचा डबा घरी आणला.

महिना छान गेला. डब्यातलं तेल सरता सरेना, तर मी कारखान्यात सांगत सुटलो, माझं तेल किती पुरतं बघा! संध्याकाळी घरात तळणाचा वास यायचा. बायको माझा शर्ट हुंगून म्हणायची, "आधी आंघोळ करा." मी निमूट करायचो. दिवसभर पुऱ्या तळणारा माणूस, वास माझ्याशिवाय कुणाचा असणार?

रविवारी मी कारखान्यातलं ते यंत्र आणलं, दिसायला नुसती एक कांडी. गरम तेलात बुडवायची, हिरवा दिवा लागला तर तेल चांगलं, लाल लागला तर फेकण्याच्या लायकीचं. कढईत तेल ओतलं तेव्हा त्याचा रंग कोऱ्या चहासारखा दिसला.

"असं काळं काहून दिसतं? फोडणीला चमचाभर घेताना कळलं नाही," बायको म्हणाली.

"कोंड्याचा नैसर्गिक रंग आहे तो," मी शास्त्रज्ञाच्या थाटात म्हणालो आणि कांडी बुडवली.

लाल.

पुसून पुन्हा बुडवली. लाल. जे तेल मी इतके महिने उकळलं, तपासलं, मिरवलं, ते घरातल्या डब्यात बसल्या बसल्या सडलं? आणि जाळी बसवलेला माणूस महिनाभर त्याचीच फोडणी खात होता?

"त्या कांडीचे सेल गेले असतील," सासरे म्हणाले. ते कढईकडे बघत नव्हते.

बायकोनं गॅस बंद केला. "बाबा, तुम्ही काही केलं का?"

"काहून वं चिल्लावून राहिली? दुपारी तुम्ही दोघंही नसता. एकदोन बोंडे करत होतो."

"रोज?"

"एकादशी सोडून."

मी डब्याला धरून खाली बसलो. "आणि उरलेलं तेल?"

"फेकू काय? चहाच्या गाळणीनं गाळलं अन् डब्यात ओतलं परत." मग बोट माझ्याकडे. "तुम्हीच म्हन्लं नं जवाईबापू, बिघडतच नाही म्हणून!"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यापुढे कांडीचा लाल दिवा फिकट वाटला.

दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट येईपर्यंत सासऱ्यांनी टीव्हीसुद्धा लावला नाही. सुदैवानं आधीपेक्षा वाईट काही निघालं नाही. डॉक्टरांनी मला आणि सासऱ्यांना सारखंच झापलं आणि सासऱ्यांचा चेहरा बघून नियम घालून दिला. महिन्यातून एक बोंडा, ताज्या तेलात, आणि तळून उरलेलं तेल टाकून द्यायचं.

पुढच्या रविवारी बायकोनं छोट्या कढईत, नवीन तेलात एकच बोंडा तळला. सासऱ्यांनी तो हातात घेतला, फुंकर मारली आणि कढईत डोकावले.

"ह्या तेलाचं काय करान?"

"गार झालं की टाकून देणार."

"सगळं?" त्यांनी बोंडा ताटात ठेवला. जाळी बसवायची म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता. "एका बोंड्यापायी एवढं चांगलं तेल फेकता?"

"बाबा, खा ना, गार होतंय," बायको म्हणाली.

त्यांनी खाल्ला, पण नजर सगळा वेळ कढईवर. शेवटचा घास गिळून हात पुसले. "मले पुढच्या महिन्यात नका करू वं. असा घशाखाली नाही उतरत."

डॉक्टरांना जमलं नाही, पोटच्या पोरीला जमलं नाही, आणि आता हा माणूस स्वतःच्या तोंडानं तळण सोडत होता, तेही मी त्याच्याचसाठी घरी आणलेलं तेल समोर असताना. मी चिमट्यात कढई धरून मोरीपाशी तसाच उभा.

"तिथे नका ओतू, पाइप तुंबेल," बायको म्हणाली. "बाटली आणा."