उत्तरेचं दार

हे आजवर कोणाले सांगतलं नाई. बायकोले नाई, मायले तर नाईच. तुले सांगून राह्यलो — काहून ते इचारू नको, मलेच ठाऊक नाई.

मी इंजिनिअर हाव. लोक साहेब म्हणतात. साहेब! थू!

मेडशीच्या अलीकडं एका गावात शाळा बांधाची होती. बांधाची म्हणजे — जोडाची. भिंती, छत, खिडक्या सगळं कारखान्यात तयार. ट्रेलरवर आणाचं अन् बोल्टानं आवळाचं. गावातले अकलेचे कांदे तिले 'डब्याची शाळा' म्हणत. पण नकाशा पाह्यला असता तर तोंडात बोट घातलं असतं तुवं! भिंतीच्या पोटात उष्णता अडवणारा थर, दक्षिणेच्या खिडक्याईवर खोल सज्जे, दारं उत्तरेले. उन्हाळ्यातही पंख्याचं काम नाई. फक्त दिशा बदलाची नाई, कारण तयार आलेल्या भिंतीत जागेवर खिडकी सरकवता येत नाई.

अन् उत्तरेले काय होतं? बुद्धवाडा.

पायवा आखाच्या दिवशी गावच्या शाळा कमिटीवाले आले, कडक इस्तरीतले. वास्तू, पूर्व, सूर्यनारायण — लय शास्त्र पाजळलं. मंग अध्यक्षानं पचकन थुकून पोटातलं ओठावर आणलं, "सायेब, शाळा सुटली का पयले त्याईचेच घरं दिसतीन. कायले?"

मी काय बोल्लो असन? मी स्वतः असल्याच वाड्यात वाढलो. आडनावावरून त्याईले समजलं नाई, अन् मी समजू देलं नाई. त्याईचा चहा प्यालो. आखणीची दोरी फिरवली. तोंड पूर्वेले करून पायवा भरला. ते लोक नालायक होते, हे खरं — पण दोरी कोणाच्या हातात होती?

मार्चातच शाळेची भट्टी झाली. सकाळी एका अंगानं ऊन, दुपारून दुसऱ्या. हेडबाई — रंजनाबाई, रिटायर व्हाले दोनच वर्सं बाकी — रोज सातले येऊन छताखालचे सगळे झरोके उघडत, खिडक्याईले ओले पोते टांगत. तरी एक पोरगी चक्कर येऊन पडली. मंग वरून कागद आला: इमारत गरम काहून?

मी लिहून देलं — इमारत नकाशाबरहुकूम आहे, मुख्याध्यापिका झरोके बंद ठेवतात. दोनच ओळी. अक्षर लय सुंदर माह्यं, शाळेत बक्षीस भेटलं होतं.

चौकशीवाले कोण? खुर्चीले चिकटलेले गोचीड. जागेवर येऊन सूर्य कुठून निंघते तेवढंही त्याईनं पाह्यलं नाई. बाईले नोटीस गेली, तिच्यात माह्यं नाव नव्हतं. खुलासा पटला नाई तर बदली, अन् नोकरीभराच्या चांगल्या नावावर काळा शेरा. मी कुठल्या वाड्यातला, हे त्या गावात एकट्या बाईलेच म्या सांगतलं होतं. बाईनं कोणाले सांगतलं नाई.

खुलासा माह्यासमोरच वाचला चौकशीच्या साहेबानं. बाईनं लिहिलं होतं, 'मी झरोके रोज उघडते. विश्वास नसल्यास इंजिनिअर साहेबांना विचारावे. ते हलाखीतून वर आलेले आहेत, खोटे बोलणार नाहीत.'

साहेबानं चष्म्यावरून माह्याकडं पाह्यलं. "काय हो, उघडते का बाई झरोके?"

मी म्हणलो, "नाई, साहेब. खोटं बोलून राह्यल्या त्या."