सागवानी पंखा

नवऱ्याला नाही, आईला तिच्या शेवटच्या दिवसांत नाही, कुणालाच नाही — ही गोष्ट मी आजवर तोंडाबाहेर काढलेली नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. समोर ओळखीचा चेहरा असता तर काहीतरी गुळगुळीत बोलून मी वेळ मारून नेली असती. त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मी वलवणला राहते आणि कान्ह्याजवळच्या एका कारखान्यात काम करते. जुन्या पंपांचे सुटे भाग आम्ही बनवून देतो. माझं काम कॉस्टिंगचं — कुठली वस्तू कशी बनवली तर परवडेल, हे सांगायचं. नऊ वर्षं तेच. 'मॅडम, जरा बघून सांगा' असं सगळे म्हणायचे, आणि निर्णय घ्यायचे दुसरेच. मग साहेबांच्या डोक्यात मेटल प्रिंटर शिरला — धातूची पूड लेझरने थरावर थर वितळवत अख्खी वस्तू उभी करणारं मशीन. ते आलं तर त्या विभागाची प्रमुख मी, असं साहेबांनी बोलून दाखवलं. झालं, माझ्या डोक्यात हवा गेली.

पण घ्यायचं की नाही? साहेब म्हणाले, जो भाग आपल्याकडे वरचेवर मागितला जातो, तो घेऊन तुलना करून दाखवा. तो होता इम्पेलर — पंपाच्या पोटात फिरून पाणी ढकलणारा पंखा. आता हे नीट ऐका, कारण सगळी मेख इथंच आहे. असा पंखा ओतायचा तर आधी त्याचा लाकडी पॅटर्न लागतो. तो वाळूत दाबायचा, त्याच्या ठशात धातू ओतायचा. पॅटर्न जवळ असेल तर ओतकामापुढे प्रिंटर टिकत नाही — पूड महाग, मशीन महाग, आणि छापून झाल्यावरही घासणं-तासणं सुटत नाहीच. पण पॅटर्न नसेल तर? झिजलेला पंखा मापून नवा पॅटर्न करण्यात महिना-दोन महिने जातात, तोवर गिऱ्हाइकाचा पंप बंद. तिथं प्रिंटर परवडतो. म्हणजे प्रश्न मशीनचा नव्हताच. पॅटर्न आहे की नाही, एवढाच होता.

आणि पॅटर्न होता.

इस्माईलभाऊंनी केलेला. भाऊ आमचे पॅटर्नमेकर, कान्ह्याचेच. पंखा सागवानाचा, पात्यांना असा वळसा दिलेला की त्यावरून हात फिरवत राहावा. त्यांच्या स्टोअरमध्ये शेकडो पॅटर्न, आणि कुठला कुठल्या फळीवर हे त्यांना डोळे मिटून ठाऊक. वही नाही, कॉम्प्युटर नाही. आम्ही चेष्टा करायचो — भाऊ, तुम्ही रजेवर गेलात की कारखान्याला टाळं. ते हसायचे. पण एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला सांगितलं होतं, की त्यांचा थोरला भाऊ शेवटी शेवटी स्वतःच्या घराची वाट विसरला. "मला त्याचंच भ्या वाटतं, ताई," म्हणाले. "बाकी कशाचं न्हाई."

हे मला माहीत होतं. माहीत असताना मी केलं.

केलं ते असं. शुक्रवारी दुपारी भाऊ नमाजाला गेले होते. मी स्टोअरमध्ये गेले, पॅटर्न उचलला, भाजीच्या पिशवीत घातला आणि संध्याकाळी स्कूटरवर पायाशी ठेवून घरी आणला. वाटेत थांबून मेथीची एक जुडी घेतली आणि त्याच पिशवीत वर ठेवली.

सोमवारी साहेबांसमोर मी विचारलं — भाऊ, त्या पंख्याचा पॅटर्न आहे ना आपल्याकडे? "हाय की," म्हणत ते उठले. परत यायला त्यांना अर्धा तास लागला, आणि आले ते हात हलवत.

तीन दिवस त्यांनी स्टोअर उपसलं. एकेक फळी रिकामी केली, पुसली, परत लावली. मीही शोधायला गेले बरं का — त्यांच्यामागे बॅटरी धरून. एवढी मी पोचलेली. बुधवारी सकाळी पिशवी पुन्हा स्कूटरवर ठेवली होती, पॅटर्न कुठल्यातरी फळीमागे सारायचा आणि 'सापडला' म्हणायचं ठरवून. कारखान्याच्या गेटपर्यंत गेले आणि स्कूटर वळवली. का? गुरुवारी बैठक होती, आणि त्या बैठकीत मला प्रमुख व्हायचं होतं. दुसरं कारण मला शोधूनही सापडत नाही.

बैठकीत भाऊ स्वतःच सगळ्यांसमोर म्हणाले, "माज्याच हातनं कुटंतरी गेला आसंल. मला आठवंना." कुणी आवाज चढवला नाही. उलट सगळे त्यांच्याशी फार जपून, गोड बोलायला लागले, आणि त्यानंच ते खचले.

मशीन आलं. मी प्रमुख झाले. आणि ऐकायचंय? मशीन चांगलं चाललंय. ज्यांचे पॅटर्न कुणाकडेच उरलेले नाहीत असे कितीतरी जुने भाग आमच्याकडे येतात, त्यांना दुसरा इलाजच नाही. त्यातला एखादा पुढे ठेवून, साहेबांशी थोडं भांडून मला हेच खरेपणानं पटवता आलं असतं. भांडायचा मला कंटाळा आला — की भीती वाटली? आता ते वेगळं करता येत नाही. पॅटर्न मी त्या बैठकीनंतरच्या रविवारीच पाण्याच्या बंबात घातला होता. साग छान पेटला. त्या पाण्यानं मी आंघोळ केली.

भाऊंनी सहा महिन्यांत काम सोडलं. ज्याला आपण ठेवलेलं सापडत नाही त्यानं पॅटर्न सांभाळू नयेत, हे त्यांचं म्हणणं. घरच्यांनी तळेगावच्या डॉक्टरांना दाखवलं. काही झालेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. भाऊंना वाटलं, घरच्यांनीच डॉक्टरांना तसं सांगायला लावलंय. तेव्हापासून पटाशी-रंध्याला त्यांनी हात लावलेला नाही. बाजारालासुद्धा सुनेबरोबर जातात, वाट चुकेल म्हणून.

गेल्या ईदला मी त्यांच्याकडे गेले. दरवर्षी जाते — हो, जाते, त्यांच्या घरचा शिरखुर्मा खाते. सून आत वळली तशी त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा. त्यो पॅटर्न म्या केलता तरी का? का त्येबी माज्या मनाचंच?"

'केला होता' — एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. चोरी सांगायचीही गरज नव्हती. त्या पंख्याचं एकेक पातं मला तेव्हाही डोळ्यांसमोर दिसत होतं.

मी म्हणाले, "मला नाही आठवत, भाऊ."

त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, "मंग न्हाईच केला आसंल." आणि माझी वाटी पुन्हा भरायला त्यांनी सुनेला हाक मारली. तिनं भरून आणली, मी ती संपवली.