कामाच्या टोकाला कुंकू

दसऱ्याच्या दुपारी निम्म्या बिरवाडीचं इंटरनेट बंद पडलं. कारण कुंकू. ते मी लावलं होतं.

घटनाक्रम असा.

माझा धाकटा भाऊ सुहास बिरवाडीत घरोघरी इंटरनेट पुरवतो. त्याचा सगळा कारभार आमच्या घरातल्या जिन्याखालच्या कपाटात मावतो. महाडकडून एक काचेची तार येते, केसाएवढी बारीक, पिवळ्या वेष्टनातली. ती कपाटातल्या स्विचला, म्हणजे पुष्कळ भोकं असलेल्या एका चपट्या पत्र्याच्या पेटीला जोडलेली असते आणि तिथून गावभर फाटे जातात. तार आणि पेटी यांच्यामध्ये बोटाएवढा एक धातूचा तुकडा बसतो. त्याला ट्रान्सीव्हर म्हणतात. सुहास मॉड्यूल म्हणतो. आई 'ती किल्ली' म्हणते. विजेचा उजेड करायचा आणि आलेल्या उजेडाची पुन्हा वीज करायची, एवढंच त्याचं काम. त्याला दोन चौकोनी नाकपुड्या असतात. एकीतून उजेड बाहेर जातो, दुसरीतून आत येतो. मॉड्यूल वापरात नसलं की सुहास त्या नाकपुड्यांना काळं रबरी बूच लावून ठेवतो. ते कशासाठी, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. (आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं. घरात विचारायचं राहून गेलं.)

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. आता घरी बसून इतरांचा मजकूर तपासून देतो. हे काम मी एका डोळ्याने करतो. डावा डोळा लहानपणापासून नावापुरता आहे. त्याला उजेड आणि अंधार यातला फरक कळतो, माणसामाणसातला कळत नाही. वाचणं, लिहिणं, रस्ता ओलांडणं आणि भाजीतला केस शोधणं ही सगळी खाती उजव्याकडे आहेत. तो गेला तर मी गेलो. पुढचं सगळं समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणं आवश्यक आहे.

आईचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. दसऱ्याला हत्यारांची पूजा सगळेच करतात, पण तिच्या माहेरचा रिवाज जरा कडक आहे. कुंकू लावायचं ते हत्याराच्या कामाच्या टोकाला. कोयत्याला धारेवर, सुईला अणीवर, पेनाला निबावर. "राबतो तो भाग. त्याला लावायचं," ती म्हणते. "मुठीला लावून काय करायचं? ती नुसती धरायला असते."

दरवर्षी कपाटाची पूजा सुहास करतो. त्या वर्षी सकाळीच त्याला फोन आला. पोलादपूरच्या पुढच्या एका वाडीत वानरांनी तार तोडली होती आणि सणाला मुंबईहून आलेली मंडळी खवळली होती. तो शिडी घेऊन निघाला.

"दादा, पूजा तू उरकून घे," जाताना तो म्हणाला. "कपाटाच्या दाराला कुंकू लाव, हार घाल. आत हात घालू नकोस."

तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत आई गप्प राहिली.

"दाराला कुंकू?" मग ती म्हणाली. "तो काय सुतार हाय?"

"आई, तो म्हणाला आत हात घालू नको."

"त्याचं सोड. दरवर्षी असंच भागवत असणार मेला. यात राबतं काय रे, ते सांग."

प्रश्न रास्त होता. मी त्याचा सर्व बाजूंनी विचार केला. पेटी राबत नाही, ती वाटते. तार राबत नाही, ती वाहून नेते. "उजेड या मॉड्यूलच्या तोंडातून निघतो," मी म्हणालो.

"मग तोंडालाच लाव की."

दुपारच्या मुहूर्तावर मी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला सुहासने पिवळ्या त्रिकोणाची एक चिठ्ठी चिकटवलेली होती. झेंडूचा हार अडकवायला तीच जागा सोयीची पडली. मग स्विचमधल्या मॉड्यूलला लावलेली तार मी खटका दाबून हळूच सोडवली. कुंकवाचं बोट नाकपुडीत जाईना. तेव्हा उदबत्तीची काडी ओल्या कुंकवात बुडवली आणि दोन्ही नाकपुड्यांत पार तळापर्यंत फिरवली. तारेच्या टोकाला खसखशीपेक्षा जराशी मोठी पांढरी अणी होती. तीही राबत असणारच, म्हणून तिलाही लावलं. तार पुन्हा बसवली. खट्‌ असा आवाज आला. अक्षता वाहिल्या. काम इतकं नीटनेटकं झालं होतं की मी त्याचा फोटो काढला.

फोटो सुहासला पाठवायला गेलो. तो जाईना.

स्विचवरचा हिरवा दिवा विझला होता. मी त्याला नमस्कार केला, तरी तो लागला नाही.

"काका," खिडकीतून आवाज आला. मागच्या खोलीत राहणारा महेश. तो औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आहे. पहिली पाळी करून येऊन तो मोबाईलवर क्रिकेटचा सामना बघत होता. "नेट गेलं काय? शेवटची षटकं हायत."

"येईल," मी म्हणालो.

"कधी?"

थोड्या वेळाने फाटकाशी आणखी काही जण आले. त्यांच्याही शेवटच्याच षटकांचा प्रश्न होता. कोणी ओरडत नव्हतं. हातातले सामना अडकलेले मोबाईल माझ्यासमोर धरून ते नुसते उभे होते, आणि ते जास्त भीतिदायक होतं.

सुहासला फोन करण्याआधी वस्तुस्थितीची खात्री करून घ्यावी, असं मला वाटलं. (ही सवय मला वर्तमानपत्राने लावली. बाकी सगळ्या सवयी सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, सोडवल्या.) मी तार पुन्हा काढली, गुडघ्यांवर बसलो, कपाटात डोकं घातलं आणि मॉड्यूलच्या नाकपुडीला उजवा डोळा लावला. काळोख. डोळा चोळून पुन्हा नीट पाहिलं. काळोखच.

मी फोन लावला. "सुहास, नेट बंद पडलंय. मॉड्यूलमधून उजेड येतच नाहीये."

"तुला कसं कळलं?"

"बघितलं ना."

"काय बघितलंस? हिरवा दिवा?"

"नाही, मॉड्यूल. डोळा लावून. आत काळोख आहे."

पलीकडे मागे कुठेतरी वानरं हुपहुप करत होती.

"दादा," सुहास हळू आवाजात म्हणाला, "कुठल्या डोळ्याने?"

आमच्या आख्ख्या आयुष्यात त्याने मला इतक्या काळजीने काही विचारलेलं नाही.

"उजव्या. का रे?"

"अरे, तो लेझर असतो. तो उजेड दिसत नसतो. दिसत नाही म्हणून तर तिथे डोळा लावायचा नसतो. दारावर चिठ्ठी लावलीय मी, वाचत नाहीस? बरं, घाबरू नकोस, कारण आपल्याकडचा जो आहे तो..."

घाटात रेंज गेली. मी पुन्हा लावला. फोन संपर्क क्षेत्राबाहेर होता. हार बाजूला करून मी चिठ्ठी वाचली. त्रिकोणात डोळ्याचं चित्र होतं आणि त्यावर फुली.

आणि मग डोळा चुरचुरायला लागला.

आधी कडेला. मग सगळा. पाणी वाहू लागलं. आरशात पाहिलं तर पांढरं कुठेच उरलं नव्हतं. आई आली, तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि काही न बोलता देवघराकडे निघून गेली. आईने काही न बोलणं हे आमच्या घरात अंतिम निदान समजलं जातं.

"आधी डोळा धुवा," सुनंदा तांब्या घेऊन आली.

"धुऊन काय होणार? डोळ्यात काही गेलेलं नाही. प्रकाश गेलाय. प्रकाश धुता येत नाही."

"पाणी लावायला काय जातंय?"

"सुनंदा, हा पडद्याचा प्रश्न आहे. पडदा आत असतो."

तिने तांब्या खाली ठेवला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. लाल धुक्यातून दिसत होता, पण दिसत होता. कपाळावरची आठी, कानाजवळचा पांढरा केस, सगळं एकदा नीट पाहून घेतलं.

"असं काय बघताय?"

"काही नाही."

"लग्नानंतर पहिल्यांदाच बघताय," ती म्हणाली. पण तिचाही आवाज नेहमीचा नव्हता.

महेशने मोटरसायकल काढली. मी मागे बसलो. तो स्वभावाने चांगला मुलगा आहे आणि माझं मन रमवावं म्हणून वाटेत बोलत राहिला.

"काका, टेन्शन घेऊ नका. आमच्या प्लांटला एकाच्या डोळ्यात केमिकल उडालेलं. एकदम झकास हाय तो आता."

"दिसतं त्याला?"

"तसं नाय. पण आवाजावरून सगळ्यांना ओळखतो."

वसाहतीच्या फाटकांना तोरणं होती, रस्त्याकडेला आपट्याच्या पानांचे ढीग होते. मी डावा डोळा मिटून पाट्या वाचत होतो. प्रत्येक पाटी मागच्या पाटीपेक्षा पुसट वाटत होती. सवयीने माझी बातमीही मी मनात लिहून काढली: लेझरमुळे दृष्टी गमावली, बिरवाडीतील घटना. एका कॉलमची होत होती. आतल्या पानावर, खाली. 'पूजेदरम्यान' हा शब्द घातला तर पहिल्या पानावर गेली असती, पण तो घालायला मन धजेना. आपण यापुढे काहीच तपासू शकणार नाही आणि ही बातमी दुसरा कोणीतरी चुकांसह छापेल, या विचाराने मी महेशचा खांदा घट्ट धरला. त्याला वाटलं, गाडी हळू चालव. त्याने हळू चालवली.

महाडातले डोळ्यांचे डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहतात. सणामुळे दवाखाना बंद होता. जेवण करून झोपण्याच्या बेतात असलेले डॉक्टर बनियनवर सदरा चढवत खाली आले. तपासणीच्या यंत्राला झेंडूचा हार होता.

"आज यंत्र चालवत नाही मी, पूजेला बसवलंय," ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हार काढला. (कुंकू त्यांनी यंत्राच्या दांड्याला लावलं होतं, भिंगाला नाही. हा फरक माझ्या तेव्हाच लक्षात आला. अर्थ लागला नाही.)

"काय झालं?"

"लेझर."

"कुठे केलंत?"

"घरीच."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. मी सगळं क्रमाने सांगितलं. पूजेचा भाग वगळला, कारण तो मला गौण वाटला. त्यांनी मला मागे निजवलं, पापणी उलटवली, पाण्याची धार सोडली आणि कापसाने कोपरा पुसला. कापूस लालभडक झाला.

"रक्त?" मी विचारलं.

डॉक्टरांनी कापूस दिव्याखाली धरला. दोन बोटांत चोळून पाहिला.

"कुंकू," ते म्हणाले.

"डोळ्यात?"

"आणखी आहे, पापणीखाली. बोटं दाखवा बघू."

मी उजवा हात वर केला. तर्जनी नखापर्यंत लाल होती. हाच हात मी दुपारपासून नाचवत होतो आणि याच बोटाने डोळा चोळला होता. तपासणारा माणूस म्हणून माझी ख्याती आहे.

तरी डॉक्टरांनी यंत्रातून आतला पडदा पाहिला. जागच्या जागी होता. भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि तिथली एक वेलांटी छपाईत तुटली आहे, हेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे, आता जा.

परतताना गाडी मीच वेगाने चालवायला सांगितली.

संध्याकाळी सुहास आला. मॉड्यूल बाहेर काढून त्याने टॉर्चखाली धरलं. मग माझ्याच मोबाईलमधला फोटो उघडून शेजारी ठेवला.

"धुळीचा एक कण गेला तरी हे अडतं," तो म्हणाला. "मी बुचं हौस म्हणून लावतो का? तू तर लेप दिलायस."

"आणि माझ्या डोळ्याचं काय? तू फोनवर अर्धवट..."

"तेच सांगत होतो. आपल्या मॉड्यूलचा उजेड मंद असतो, एवढ्याने डोळा जात नाही. तरी लावायचा नसतो. आणि तू बघितलंस तेव्हा तर तिथून काही बाहेर येणं शक्यच नव्हतं."

"मग मी बघत काय होतो?"

"कुंकू," सुहास म्हणाला.

ते मॉड्यूल बाद झालं. त्याने खोक्यातलं दुसरं बसवलं, तारेची अणी स्पिरिटने पुसली, हिरवा दिवा लागला. सामना तोवर संपला होता. महेशने निकाल दुसऱ्या कोणाकडून तरी ऐकला आणि चार दिवस माझ्याशी फक्त गरजेपुरतं बोलला.

दिवेलागणीला सोनं वाटायच्या आधी आई ताट घेऊन आली. सुहासला कुंकू लावलं. मग माझ्यासमोर उभी राहून तिने बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या कपाळाकडे नेलं.

"आई, थांब," सुहास म्हणाला. "त्याच्या कपाळाला कशाला?"

"मग?"

"राबतो तो भाग, असं तूच सांगतेस ना?"

आई थांबली. बोट तसंच हवेत धरून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खालून वर पाहिलं. शेवटी तिने ताट सुनंदाच्या हातात दिलं.

"तू बघ गो," ती म्हणाली. "मला काय जागा गावत नाय."