अंगठा जुळत नाही

माझ्या साडूला अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात कोणी गप्प करू शकलं नाही. ते पाप शेवटी माझ्या हातून घडलं, हे आधीच कबूल करतो.

हा माणूस जवळा बाजारला स्पीकर दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात यंत्रांची गाणी करतो. यंत्रांवरची नव्हे, यंत्रांची. टोकन पुकारणारी बाई, कागद अडकलेला प्रिंटर, रिव्हर्स घेताना वाजणारा ट्रॅक्टर हे त्याचे साथीदार. सरकारी कामासाठी मोबाइलवर ओळख पटवताना 'डोळे मिचकावा' अशी सूचना येते, तिची त्याने लावणी केली. माझ्या नातीच्या बारशात पाळणा म्हणतो म्हणाला आणि 'सर्व्हर डाऊन' लावलं. लेकरू झोपलं, म्हाताऱ्या नाचल्या. कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर पहिला घास घेण्याआधी तो भिंतीवरच्या कॅमेऱ्याला "या जेवायला" म्हणतो. मी कचेरीतला कारकून, माझी मान खाली. "साडूभाऊ, तुमी काहून लाजून राहिले? साहेब आन् सर्व्हर, दोघंबी आपल्याला वळखत न्हाईत," हे त्याचं तत्त्वज्ञान.

मग त्याने 'अंगठा' केलं. त्याच्या मायचा अंगठा कापूस वेचून वेचून गुळगुळीत झालेला. रेशनच्या मशीनवर उमटेना. मशीन म्हणे, 'अंगठा जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा.' माय त्या मशीनला समजावत होती, "मीच हाय ना रं बापा." त्याने फोनवर टिपलेले एवढे दोनच आवाज, खाली ढोलकी. गाणं त्याच्या चॅनेलच्या लिंकवरून फोनाफोनांतून साखऱ्यापर्यंत गेलं आणि एके दिवशी आमच्या साहेबांच्या टेबलावर वाजलं. साहेब नुसते हसून म्हणाले, "तुमचे नातेवाईक ना?" मला नोकरीची काळजी पडली. घरी येऊन माझ्या, बायकोच्या आणि सुनेच्या फोनवरून मी त्या गाण्याची तक्रार केली. तिन्ही वेळा अंगठा माझाच. साहेबांनी विचारलंच तर पुरावा हवा, म्हणून गाणं माझ्या फोनमध्ये उतरवूनही ठेवलं. चार दिवसांत त्याचं चॅनेल बंद पडलं.

तो मात्र खूश. दिल्ली हादरली म्हणत त्याने बाजारात पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

पुढे माय गेली. तेराव्याला तो एकेकाला विचारत फिरत होता, "मायचा आवाज कोनाजवळ आसंल का हो?" त्याच्या कॉम्प्युटरची डिस्क आधीच जळालेली, चॅनेल तर गेलेलंच. माझ्यापाशी आला तेव्हा मी पत्रावळी मोजत असल्याचं सोंग केलं.

आठवड्याने दुकानात जाऊन त्याच्यापुढे फोन ठेवला. मशीन बोललं, माय बोलली. त्याने गाणं संपेपर्यंत ऐकलं, मग विचारलं, "तुमच्याजवळ कसं काय?"

मी सगळं सांगितलं. "दिल्ली नव्हती. माझं चुकलं."

तो अगदी त्या मशीनच्या बाईच्या आवाजात म्हणाला, "पुन्हा प्रयत्न करा."

मी पुन्हा म्हणालो. त्याने पुन्हा तेच ऐकवलं. तिसऱ्या वेळी माझी कारकुनी भाषा सुटली.

"मीच होतो ना रं बापा. माफ कर मला."